पुढच्या अर्ध्यात कोण राहत होतं

१४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

सा. न. वि. वि.

फोनवर मी बोलते ते तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं जोडतोस. करवतीच्या मशीननं तुझे कान खाल्ले, त्याला तू तरी काय करणार! म्हणून हे पत्र.

बातमी अशी. पठारावरून नवा रस्ता जाणार आहे. त्याच्या आड येणारी जुनी ओसाड घरं तपासून नोंदवून ठेवायला आमच्या खात्याला मे अखेरपर्यंत मुदत मिळाली आहे. एकूण अकरा घरं. यादी चाळताना सातव्या घराच्या जमिनीच्या कागदावर आजोबांचं नाव दिसलं. मी तीन वेळा वाचलं. साहेबांना सांगितलं तर म्हणाले, "स्वतःच्याच घराचं उत्खनन करायला मिळालेल्या तुम्ही पहिल्याच. घ्या सातवं."

तर मी सध्या तुझ्या घरात बसून लिहिते आहे. घर म्हणायला गुडघाभर उंचीच्या भिंती, एका कोपऱ्यात खांद्याएवढी, बाकी सगळं गवत. जोतं बत्तीस फूट बाय चौदा. पूर्वेला जनावरं कोंडायचा दगडी कुंपणाचा वाडगा. चाळीस पावलांवर झरा आहे, त्याला घडीव दगडाची कुंडी आहे. आम्ही बाटल्या तिथंच भरतो. पाणी इतकं गार की दात ठणकतात.

तुम्ही हे घर सोडलं तेव्हा आई तीन वर्षांची होती. तिला काही आठवायचं नाही, आणि आता तीही नाही. विचारायला तूच उरलास. आठवेल तसा घराचा नकाशा काढून पाठव. दार कुठं, चूल कुठं, कोण कुठं झोपायचं.

मामीला नमस्कार.

तुझी,
घूस

—

२३ फेब्रुवारी

चि. घुशीस अनेक आशीर्वाद.

लहानपणी अंगण उकरायचीस म्हणून तुला घूस म्हणायला लागलो, तर तू त्याचा धंदाच केलास. पण घूससुद्धा आपलं बीळ ओळखते. तू चुकीच्या घरात शिरली आहेस.

कारण एक. आमची खोली एकच, सोळा फूट बाय चौदा. तुझं घर दुप्पट आहे.

कारण दोन. आमचा झरा आटला होता. म्हणूनच तर आम्ही खाली उतरलो. मी दहा वर्षांचा होतो, मला पक्कं आठवतं. बाबा गाडीवर सामान बांधत होते आणि गाठ मारता मारता म्हणाले, "झरा आटला. आता इथं राहून काय करायचं?" त्यानंतर त्या जागेचा विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. तेव्हा तुझे दात ठणकतात तो झरा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. सरकारी कागदात एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. माझ्या वीजबिलावर तर अजून दुसऱ्याचंच नाव येतं.

तरी मागितलास म्हणून नकाशा सोबत जोडतो. दार चढाच्या बाजूला, म्हणजे मागं. शिरल्यावर डाव्या कोपऱ्यात चूल. समोरची भिंत बिनदाराची. तिच्या पलीकडं घराचा पुढचा भाग, तिथं शेळ्या असत. त्यांचं दार पुढून. आम्हा मुलांना पुढच्या अंगणात जायची बंदी होती.

मामी म्हणते, घुशीला सांगा, उन्हात डोक्याला काहीतरी बांध.

तुझा,
मामा

—

४ मार्च

प्रिय मामा,

डोक्याला बांधलंय. पण डोक्याच्या आत जो गोंधळ आहे त्याचं काय करू?

तुझा नकाशा घेऊन मी मागच्या बाजूनं आत शिरले. दार चढाकडं. डावीकडं कोपऱ्यात जळून लाल झालेली माती, चुलीची. टेप धरला: सोळा बाय चौदा. समोर बिनदाराची भिंत. मामा, हे तुझंच घर आहे. तुमची खोली म्हणजे घराचा मागचा अर्धा भाग. आणि झरा वाहतो आहे. इथं मेंढ्या चारणारे एक आजोबा रोज येतात. त्यांना विचारलं तर हसले. "हा झरा आटलेला माझ्या बापानंसुद्धा पाहिला नाही," म्हणाले.

हे एक झालं. आता दुसरं.

ती मधली भिंत मुळातली नाही. दोन्ही टोकांना ती बाजूच्या भिंतींत गुंतवलेली नाही, नुसती टेकवली आहे. तिच्याखालून जुनी सारवलेली जमीन सलग जाते. म्हणजे घर आधी एकच मोठं होतं आणि नंतर कुणीतरी घाईनं ते मधोमध तोडलं.

आणि शेळ्या. जिथं जनावरं वर्षानुवर्षं उभी राहतात तिथली माती ते सांगते. पूर्वेच्या वाडग्यातली माती ओरडून सांगते आहे, शेळ्या तिथं होत्या. घराच्या पुढच्या भागातली माती तपासली, तर तिथं शेणालेंड्यांचा मागमूस नाही. तिथं आहे ते असं: एक लहानशी चूल. खाटेच्या चार पायांनी पडलेले चार खळगे. मात्रेच्या रेघा असलेली औषधाची बाटली. दात पडलेला कंगवा. घट्ट झाकणाचा एनॅमलचा एक पेला. आणि मधल्या भिंतीत, कोपऱ्याशी ती अजून खांद्याएवढी उभी आहे तिथं, जमिनीपासून दोन फुटांवर, दीड वीत रुंदीचा आरपार कोनाडा. त्याला तुमच्या बाजूनं लाकडी झडप सरकवायची खाच आहे.

मामा, शेळी केस विंचरत नाही. पुढं कोण राहत होतं?

तुझी,
घूस

—

१२ मार्च

चि. घुशीस आशीर्वाद.

शेळ्याच होत्या.

माती काय सांगते ते तुझ्या शाळेत शिकवत असतील. मी तिथं राहिलो आहे. घर आम्ही सोडल्यावर कुणी धनगर, वाटसरू राहून गेला असेल, त्याचा कंगवा. ज्या गोष्टीचं आता कुणाला काही देणंघेणं नाही ती उकरून कुणाचं भलं होणार आहे? तुझं काम तू कर. मला त्याबद्दल लिहू नकोस.

पाऊण दिवस दुकानात जातो. गुडघे ठीक.

मामा

—

२ एप्रिल

प्रिय मामा,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण तू नको म्हणालास. आज लिहिते आहे ते भाची म्हणून नाही, सुताराला विचारायचं आहे म्हणून. इथं आमच्यात लाकूड कळणारं कुणी नाही.

पुढच्या दाराच्या चौकटीचा एक अख्खा उभा दगड सापडला. त्यात अडसर सरकवायचं भोक आहे. दगड दाराच्या बाहेरच्या बाजूला पडला होता. चित्र आणि मापं सोबत आहेत. आमच्या टोळीत दोन तट पडलेत. मला वाटतं, अडसर बाहेरून लागत होता.

तसं वाटण्याचं कारण लिहिते, रागावू नकोस. झाकणाचा पेला मी इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्यांनी हातात घेण्याआधीच ओळखला. पूर्वी क्षयाच्या रोग्याला थुंकायला असा पेला देत. म्हणजे पुढच्या भागात क्षयाचं माणूस होतं. मधे बिनदाराची भिंत, जेवण सरकवायला कोनाडा, बाहेरून अडसर. मामा, आजोबांनी कुणाला कोंडून ठेवलं होतं का? हा प्रश्न मनात आल्यापासून मला त्या जागेत बसून डबा खाववत नाही. मी आजोबांच्या मांडीवर वाढले. ते मुंगीसुद्धा बाजूला करून पाय टाकायचे. मला काहीच समजेनासं झालंय.

तुला उत्तर द्यायचं नसेल तर नुसतं भोकाबद्दल लिही.

तुझी,
घूस

—

११ एप्रिल

चि. घुशीस अनेक आशीर्वाद.

आधी भोकाबद्दल.

दगड बाहेर पडला कारण भिंत बाहेरच्या अंगाला ढासळली. एवढं तुला कळायला हवं होतं. भोकाची झीज बघ. ज्या काठावर जास्त झीज, त्या बाजूनं अडसर ओढला जातो. तुझ्याच चित्रात ती आतल्या काठावर आहे. अडसर आतून होता. आणि त्याची उंची बघ. तू लिहिलं आहेस, उंबऱ्यापासून एकोणीस इंच. कुठला सुतार इतक्या खाली अडसर घालेल? उभं राहता येत नसलेल्या माणसाच्या हाताला यावा म्हणूनच तो खाली घातला आहे. आतलं माणूस स्वतः दार लावून घेत होतं. माझ्या बापानं कुणाला कोंडलं नव्हतं. पुन्हा असं लिहू नकोस.

हे लिहून पाकीट बंद केलं होतं. मग मामी म्हणाली, तोंड का पाडून बसलात? पाकीट उघडून पुढं लिहितो आहे.

शेळ्या नव्हत्या. एक बाई होती.

मी नऊ वर्षांचा असताना आई खोकायला लागली. बाबांनी तिला गाडीत घालून खाली शहरातल्या दवाखान्यात नेलं. जाताना तिनं आम्हाला जवळ घेतलं नाही, लांबूनच हात केला. मला राग आला होता. मग बाबा एकटे परत आले आणि मला आणि तुझ्या आईला आठ दिवस खालच्या वाडीत एका ओळखीच्या घरी ठेवलं. परत आलो तर घर अर्धं झालेलं, मधे भिंत. तिची माती अजून ओली होती. बाबा म्हणाले, "तुमची एक मावशी आली आहे. आजारी आहे. पलीकडं राहील. तिच्याशी फार बोलायचं नाही, आणि पुढं तर जायचंच नाही." आई कुठंय विचारलं तर म्हणाले, दवाखान्यात.

सकाळ-संध्याकाळ कोनाड्यात ताट ठेवायचं काम माझं. ताट ठेवायचं, दोनदा टकटक करायची, झडप सरकवायची आणि मागं व्हायचं. रिकामं ताट बाबा वेगळ्या पातेल्यात उकळायचे.

त्या बाईचा आवाज आठवला की अजून अंगावर काटा येतो. कोरड्या फळीवर रंधा फिरवावा तसा. कुजबुजल्यासारखी बोलायची, आणि किती प्रश्न! धाकटीचे केस धुतलेस का? तिची नखं कोण कापतं? रात्री ती खोकत तर नाही ना? मला वाटायचं, ही आगाऊ बाई कोण आम्हाला विचारणार? शेळीचं सगळं दूध तिला. अंडं तिला. आम्हाला बाबा म्हणायचे, मावशी बरी झाली की तुम्हाला.

एक दिवस तुझी आई सकाळपासून "आई, आई" करून रडत होती. काही केल्या थांबेना. बाबा रानात. मी कोनाड्यापाशी गेलो, झडप उघडली आणि ओरडलो, "तू आल्यापासून आमची आई येत नाही. तू जा आमच्या घरातून!"

मग ती म्हणाली, "बरं."

एवढंच. त्यानंतर काही दिवसांनी ताट ठेवलं, दोनदा टकटक केली, तर ताट तसंच. बाबा म्हणाले, मावशी तिच्या घरी गेली. मला आनंद झाला, घुशे. मी तुझ्या आईला उचलून नाचवलं. आता आई येईल म्हणालो. पुढं थंडीत बाबा खाली जाऊन आले आणि म्हणाले, आई दवाखान्यातच वारली. त्यानंतर महिन्याभरात आम्ही गाडी भरली. झरा आटल्याचं ते तेव्हा म्हणाले. मी जाऊन पाहिलं नव्हतं. बाप म्हणाला म्हणजे आटला.

पासष्ट वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, मामीलाही नाही. शेळ्या म्हणणं सोपं पडतं, आणि इतकी वर्षं म्हटलं की शेळ्याच दिसायला लागतात.

आजारी बाईला मी हाकललं. ती कुठली, कोण, पुढं जगली का, काही ठाऊक नाही. तुझ्या सरकारी कागदांत तिचा काही पत्ता लागला तर मला कळव.

तुझा,
मामा

—

१९ एप्रिल

प्रिय मामा,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. खुर्चीत बस. मामीला जवळ बसव.

अडसराबाबत मी चुकले. आजोबांच्या बाबतीत तर फारच चुकले.

तुझं पत्र मिळाल्यावर मी शहरातल्या जुन्या छातीच्या दवाखान्यात गेले. त्यांच्या तळघरात जुन्या नोंदवह्या ठेवल्या आहेत. तू सांगितलेल्या बाईचा शोध घ्यायला गेले होते. तिचं नाव माहीत नव्हतं, म्हणून आधी आजीचं नाव शोधलं, त्यावरून निदान साल हाती लागेल म्हणून. आजीचं नाव दोनदा आहे.

पहिली नोंद ९ मार्चची. तपासली, दोन्ही फुप्फुसांत दोष. खाट शिल्लक नाही. "घरी परत पाठवली. स्वतंत्र खोली, स्वतंत्र दार, स्वतंत्र भांडी. मुलांचा संपर्क नसावा." खाटेसाठी नवऱ्याचा अर्ज, त्याच दिवशी.

दुसरी नोंद: खाट मंजूर ३ ऑक्टोबर. दाखल २१ ऑक्टोबर. पुढच्या १६ फेब्रुवारीला मृत्यू.

मार्च ते ऑक्टोबर आजी दवाखान्यात नव्हती, मामा.

आजीला बहीण नव्हती. आई मला नेहमी सांगायची, मला मावशी नाही म्हणून मला मावसभावंडंही नाहीत. मी डॉक्टरीणबाईंना आवाजाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, हा रोग घशात उतरला की आवाज पार बदलतो, घरच्या माणसांनाही ओळखू येत नाही. नऊ वर्षांच्या मुलाला कुठून कळणार?

मला जे जुळवता येतं ते असं. खाट मिळाली नाही, म्हणून आजोबांनी तिला आधी खाली कुठंतरी ठेवलं, दवाखान्यानं सांगितलं तशी खोली आठ दिवसांत स्वतःच्या हातानं बांधली आणि मग तिला घरी आणलं. तुम्ही धावत पुढच्या दारानं तिच्याकडं जाल, म्हणून मावशी. तू जाशील आणि तिला राहवणार नाही, म्हणून तिनं आतून अडसर. हे सगळं मी जोडलेलं आहे. असंच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही.

एक मात्र शपथेवर सांगते. खाट ३ ऑक्टोबरला मंजूर झाली होती. ती खाट मिळाली म्हणून गेली. तू जा म्हणालास म्हणून नाही.

मी तिकडं यायला हवं होतं, हे पत्रातून सांगायला नको होतं. पण तू कळव म्हणाला होतास. उत्तर नाही आलं तर मी निघून येईन.

तुझी,
घूस

—

३ मे (पोस्टकार्ड)

चि. घुशीस आशीर्वाद. येऊ नकोस, मीच येतो. नऊ तारखेला सकाळच्या बसनं पोचेन. एकटा. मामीला बरोबर घेत नाही, चढ आहे. मी येईपर्यंत भिंतीला हात लावू नका.

मामा

—

१९ मे

प्रिय मामा,

तुला जाऊन दहा दिवस झाले. मामीनं फोनवर सांगितलं की तू घरी तीन दिवस उशिरा पोचलास आणि मधे कुठं होतास ते बोलायला तयार नाहीस. मी काळजीत आहे.

त्या दिवशीचं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आल्या आल्या तू घडीची पट्टी काढून कोनाडा मोजलास आणि आमच्या पोरींना झापलंस, की वहीत "खिडकी" काय लिहिता, झडपेची खाच दिसत नाही का! मला वाटलं, ठीक आहे, मामा नेहमीचाच आहे. मग तू वळसा घालून पुढं गेलास. उंबऱ्याशी थांबलास आणि मला विचारलंस, "चपला काढू का?" छप्पर नाही, दार नाही, गुडघ्याएवढी भिंत, आणि तू चपला काढून आत गेलास. खाटेच्या खळग्यांमध्ये बसलास. मला म्हणालास, "पलीकडं जा आणि कोनाड्यातून काहीतरी बोल." मी गेले. "मामा, पाणी हवं का?" म्हणाले. तुला ऐकू गेलं नाही. मी ओरडले. तरी नाही. शेवटी तूच म्हणालास, "राहू दे."

बसथांब्यापर्यंत तू माझ्या दहा पावलं पुढं चालत राहिलास. मी काही चुकीचं केलं का?

काल भिंत उतरवली. एकेक दगड, क्रमांक घालून. एक गोष्ट दिसली, ती तुला लिहावी की नाही ते ठरत नव्हतं. कोनाड्याच्या शेजारी, आजीच्या बाजूनं, मातीचा लेप एका ठिकाणी घासून गुळगुळीत झाला होता. बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, ताटलीएवढा गोल. तुमच्या बाजूला तसं काही नाही. ती तिथं भिंतीला टेकून तुमचं बोलणं ऐकत बसत असेल, असं मला वाटतं. साहेब म्हणाले, वाटतं ते अहवालात लिहिता येत नाही. मी लिहिलं: "लेपावर झीज. कारण अनिश्चित." मग बाहेर जाऊन रडले.

एका ओळीचं तरी पत्र पाठव.

तुझी,
घूस

—

२७ मे

चि. घुशीस अनेक आशीर्वाद.

तू काहीच चुकीचं केलं नाहीस. पाणी हवं होतं, पण ऐकू आलं नाही.

तीन दिवस कुठं होतो ते सांगतो. मामीला काल सांगितलं. ती म्हणाली, एवढी वर्षं माझ्याशी शेळ्यांच्या गोष्टी करत होतात होय! मग माझ्याजवळ बसून राहिली.

बस शहरात थांबली तेव्हा मी उतरलो आणि त्या दवाखान्यात गेलो. तळघरातला कारकून तरुण आहे, बरा आहे. तुला आठवत होता, धुळीनं शिंकणाऱ्या बाई म्हणाला. नोंदवही तू पाहिलीस, पण प्रत्येक रोग्याचा वेगळा केसपेपर असतो आणि तो फक्त जवळच्या नातेवाइकाला दाखवतात. नातं काय म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, मुलगा. त्यानं कागद काढायला दोन दिवस लावले. मी समोरच्या लॉजमध्ये राहिलो.

दोन पानं आहेत. वजन, ताप, औषधं. पहिल्या पानावर नाव, वय एकोणतीस, राहणार पठार, नवरा शेतकरी. त्याखाली एक ओळ आहे. "मुलं: नाहीत."

मी कारकुनाला म्हटलं, हा कागद दुसऱ्या कुणाचा आहे. त्यानं ताडून पाहिलं. तिचाच आहे.

घुशे, मी त्या ओळीकडं किती वेळ बघत होतो कोण जाणे. कारकून म्हणाला, त्या काळी घरात क्षय निघाला की मुलांना तपासायला म्हणून उचलून नेत आणि कुठल्या तरी संस्थेत ठेवत, म्हणून बरेच लोक मुलं लपवत. असेल. बाबांनी तसं सांगितलं असेल. नाहीतर लिहिणाऱ्यानं विचारलंच नसेल, आणि रिकामी जागा भरून टाकली असेल. की तिला विचारलं आणि तिनंच सांगितलं? आणि तिनं सांगितलं असेल तर का सांगितलं? तू तारखांचा हिशेब लिहिलास तो कळला. पण मी तिला जा म्हणालो ते ३ ऑक्टोबरच्या आधी की नंतर, ते मला आठवत नाही. किती डोकं खाजवलं, नाही आठवत. खाट आधीच मिळत असून ती आमच्यासाठी नको म्हणत होती का, आणि मी म्हणालो म्हणून हो म्हणाली का, हे कुठल्या कागदात असेल? तुझी माती काही सांगते का याचं? नसेल सांगत. तू लिहिलंस तेच खरं, कारण अनिश्चित.

तिसऱ्या दिवशी कारकुनाला म्हटलं, ही ओळ दुरुस्त करा. तो म्हणाला, पासष्ट वर्षांपूर्वीच्या कागदात खाडाखोड करता येत नाही काका. मी हटलो नाही. मग त्याला माझी दया आली असेल, म्हणाला, अर्ज द्या, मी तो केसपेपरला जोडून ठेवतो. पुढं कुणी कागद काढला तर दोन्ही वाचेल.

तिथल्या बाकावर बसून अर्ज लिहिला. दोन कोरे कागद फुकट गेले. शेवटी असं लिहिलं:

"विषय: केसपेपरमधील चूक दुरुस्त करणेबाबत. महोदय, सदर रुग्णास मुलं नाहीत असं लिहिलं आहे ते बरोबर नाही. रुग्णास मुलं दोन. मुलगी दोन वर्षांपूर्वी वारली. मुलगा हयात आहे. दोघांनाही हा रोग झाला नाही. मुलीचे केस आणि नखं यांची काळजी घेतली होती. कृपया नोंद व्हावी."

खाली अर्जदाराचं रुग्णाशी नातं लिहायचं होतं, ते लिहिलं. पुरावा म्हणून काय जोडणार विचारलं, तर माझ्याकडं काहीच नव्हतं. माझा जन्म त्या घरात झाला, त्याचा कागद कुठला? कारकुनानं ती जागा कोरी सोडली, शिक्का मारला आणि पोच दिली.

पोच सोबत पाठवतो आहे. तुझ्याकडं ठेव. माझ्याकडून हरवेल.

तुझा,
मामा